सव्वाबाराची फेरी

साडेअकराची फेरी जयगडला गेली की
तवसाळच्या या उतारावर मी, तिकिटांचा गठ्ठा
नि खाडी.
पाऊण तास.
खुर्चीवर गठ्ठा, गठ्ठ्यावर दगड.
खिशातून पिशवी काढतो.

मुठीएवढीच.
पहिली एक सायकलवाला फेरीवर विसरून गेला,
मग त्याचाच फोन आला: फुटबॅग ती, ठेव तुलाच.
गणपतीच्या आत उसवली.
शमीम टेलरीणीनं नवी शिवून दिली
माझ्याच जुन्या खाकी पँटीची, बारा तुकड्यांची,
आणि कशाला म्हणून एकदाही विचारलं नाही.
आत तांदूळ भरले, तर मुंग्या.
रातांब्याच्या बिया भरल्या, तर फुगून कुबट वास.
आता पुळणीची वाळू आहे, चहाच्या गाळणीतून चाळलेली,
नि थोडे चिंचोके, हाडं म्हणून.

लाथ मारायची वस्तू,
म्हणून आधी कपाळाला लावतो.
कुणी बघत असलं तर कपाळ खाजवल्यासारखं करतो.

एक. उजव्या पायाच्या आतल्या अंगानं.
दोन. तीन. डावा.
डावा पहिल्यापासून परका माझा,
लहानपणी नांगराच्या दोरात पिळवटलेला.
सात. वारा खाडीकडून.
आठला पडते, नेमकी शेवाळावर.
पुन्हा एक.
सतरा. पुन्हा एक.
डोक्यात चालूच:
काल हिशेबात वीस रुपये कमी आले,
टेंपोवाला घाग तिकिटावरून भांडून गेला, त्याला
काय बोलायला हवं होतं ते आज सुचतंय.
बावीस. पडली.
आज काही खरं नाही, ठेवून द्यावी, एवढ्यात

एवढ्यात म्हणजे कधी, ते सांगता येत नाही.
पिशवी वर गेली
आणि वरच जरा रेंगाळली,
घारीनं हवेत अंग सैल सोडावं तशी.
शिवण दिसली. शमीमचा एक टाका चुकलाय, तोही.
खाली यायला तिला इतका वेळ होता
की माझा पाय निवांत उठला,
ओळखीच्याला दार उघडायला उठावं तसा.
डावा. डावाच उठला.
पिशवी त्याच्यावर टेकली, क्षणभर निजली,
त्यानं तिला वर दिली
आणि स्वतः तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून
परत जागेवर हजर.
हे मी शिमग्यापासून शिकतोय.
आत्ताही, मी केलं असं म्हणवत नाही.

आतला, बाहेरचा, गुडघा, चवडा,
ओहोटीनं उघडी पडलेली पायरी,
खडकावर कालवं काढणाऱ्या बायकांच्या कोयत्या,
टक आणि पाय, टक आणि पाय,
कोण कुणाच्या तालावर
हे विचारलं असतं तर तुटलं असतं.
मी, जो झोपेतही सुटे मोजतो,
गाड्या मोजतो, माणसं, बकऱ्या,
त्याच्याकडे एक आकडा उरला नव्हता.
घाम डोळ्यात गेला, झोंबला,
झोंबणं लांब कुठेतरी, दुसऱ्या गावी.
तापलेलं काँक्रीट तळव्यांना
की तळवे त्याला

भोंगा.

फेरी उताराला लागलेली. फळी पडलेली.
कधी आली?
कठड्याला टेकून लतीफ तांडेल,
विडी ओठात, पेटवायची राहिलेली.
मागे लग्नाची बस, खिडकीत नवरी,
नीट दिसावं म्हणून मुंडावळ्या बाजूला सारलेली.
माझ्या पाठीशी दोन रिक्षा रांगेत, इंजिनं बंद.
"वाजवणार नव्हतो," लतीफमामा म्हणाले,
"पण पाणी उतरतंय."

पिशवी माझ्या दोन पावलांमध्ये पडलेली.
"किती झाले रे?"
"तुम्ही नाही मोजले?"
"मी कशाला मोजू?"
खडकावरून एक बाई ओरडली, शंभरावर असतील!
दुसरी म्हणाली, जा गो, चाळीस.

दगड उचलला, गठ्ठा घेतला.
पहिल्या रिक्षाला सुटे देताना दोनदा चुकलो.
चपलेत डावा पाय
अजून किंचित थरथरत होता,
माशी उडून गेल्यावरही
बैलाची कातडी हलत राहते, तसा.